ग्रीन कार्डाची मुलाखत: आईबाबांना खिडकीत काय विचारतात

मुलाखतीच्या आदल्या रात्री कलिन्यातल्या लॉजवर मी आईची तालीम घेत होते. "अमेरिकेला कशासाठी जाताय?" असं विचारल्याबरोबर तिने सांगून टाकलं, "मुलाकडे. नातीला भेटायला. सहा महिन्यांनी परत येणार." बाबांनी मान डोलावली. उत्तर दोघांचं पाठच होतं. २०१४ साली टूरिस्ट व्हिसासाठी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये उभं राहायच्या आधी दादाने न्यू जर्सीहून फोनवर ते घटवून घेतलं होतं, आणि तेव्हा ते बरोबरही होतं. या वेळी मात्र तेच उत्तर समोरच्या अधिकाऱ्याला कोड्यात टाकणारं होतं. राहायला जायचा व्हिसा मागायचा आणि परत येणार म्हणून सांगायचं, याचा अर्थ त्याने काय घ्यायचा?

हा फरक आधी समजून घ्यायला हवा, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. टूरिस्ट व्हिसाच्या वेळी अमेरिकेचा कायदा असं धरूनच चालतो की समोरचा माणूस तिकडे कायमचा राहायला निघालाय. तसं नाही, हे पटवून द्यायची जबाबदारी आपली. म्हणून फ्लॅटचे कागद, पेन्शन, एफडी, पुण्यातली मुलगी हे सगळं पुढे करायचं. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे अमेरिकेत कायमचं राहायच्या परवान्याच्या, वाटेवर जो व्हिसा लागतो, तो इमिग्रंट व्हिसा, तो राहायला जाणाऱ्यांसाठीच आहे. तिथे परतीची हमी कुणी मागत नाही. तिथे पाहतात ते असं: ज्याने बोलावलं तो खरोखर तुमचाच मुलगा आहे ना, तुम्हाला येऊ देऊ नये असं कायद्याने सांगितलेलं एखादं कारण तुम्हाला लागू होतं का, आणि तिकडे गेल्यावर तुमचा भार कोण उचलणार.

आईवडिलांना बोलावू शकतो तो अमेरिकेचा नागरिक असलेला, २१ वर्षं पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी. त्याच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर भागत नाही. दादाला ग्रीन कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी पाच वर्षं थांबावं लागलं, मगच आईबाबांचा विषय निघाला. १९६५ च्या कायद्यापासून नागरिकांच्या आईवडिलांना वर्षाला इतकेच व्हिसा अशी मर्यादा नाही. त्यामुळे त्यांना रांग नाही, कागद टेबलावरून टेबलावर जायला लागतो तेवढाच वेळ. भावाबहिणींची रांग वेगळी, आणि भारतीयांसाठी ती दीड दशकाहून लांब आहे. दादाने आईबाबांसाठी अर्ज भरला त्याच दिवशी माझ्यासाठी भरला असता, तरी ते जातील आणि मी इथे राहीन हे ठरलेलंच होतं. घरात हे कुणी मोठ्याने बोललं नाही. कागद जमवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

पहिला अर्ज आय-१३०, तो मुलाने भरायचा. आई आणि बाबा एका अर्जात बसत नाहीत, दोघांचे दोन अर्ज, दोन फिया, दोन फायली. तो मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि एक नंबर मिळतो. मुंबईच्या फायलींचा नंबर बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, तिथे अजून बॉम्बेच आहे. मग माणशी ३२५ डॉलर व्हिसाची फी आणि डीएस-२६० नावाचा ऑनलाइन फॉर्म. त्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासून कुठेकुठे राहिलात ते सगळे पत्ते लागतात. बाबा बँकेत होते. जत, कराड, इचलकरंजी, मग दोन वेळा सोलापूर. त्यांनी एका जुन्या डायरीत प्रत्येक बदलीची तारीख आणि घरमालकाचं नाव लिहून ठेवलं होतं, म्हणून आम्ही तरलो. ज्यांच्याकडे अशी डायरी नाही त्यांनी आईवडिलांना घेऊन निवांत दोन रविवार बसावं. घाईने भरलेला फॉर्म मुलाखतीत समोर येतो आणि आपल्यालाच परका वाटतो.

सगळ्यात जास्त जीव मेटाकुटीला आला तो दाखल्यांपायी.

बाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. शाळेच्या दाखल्यावर तारीख १ जून १९५१. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच. जूनमध्ये शाळा उघडायची, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते गुरुजी बघायचे, आणि पोचला की १ जून लिहून टाकायचे. पुढे पासपोर्टवर, पॅनवर, पेन्शनच्या कागदांवर तीच तारीख गेली. अमेरिकेला मात्र जन्मनोंदीचा उतारा हवा असतो, आणि ग्रामपंचायतीच्या वहीत बाबांची नोंदच नव्हती. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा यायच्या कितीतरी आधी जन्मलेली ही माणसं. नोंद नाही म्हणून घाबरून जाऊ नये, कॉन्सुलेटला हे नवीन नाही. अशा वेळी 'नोंद आढळत नाही' असा अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा आणि त्याला दुय्यम पुरावा जोडायचा: शाळा सोडल्याचा दाखला, आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र.

आमच्या आत्याने ते केलं. वय ८४. नोटरीच्या टेबलापाशी चष्मा पुसून तिने कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "जून कसला गं? पेरण्या होऊन गेल्या होत्या. ओढ्याला पूर होता, सुईण पलीकडे अडकली होती." मग आम्ही मजकूर बदलला. तिला खात्रीने ठाऊक होतं तेवढंच ठेवलं, म्हणजे गाव, आईवडिलांची नावं, साल आणि पावसाळा. १ जून ही शाळेत लिहिलेली तारीख आहे आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तीच आहे, हेही त्यात सरळ लिहिलं. या तारखेवरून बाबांना खिडकीत एक प्रश्नही आला नाही.

त्याच आठवड्यात एका एजंटाने मला फोनवर सांगितलं होतं, "ताई, एवढा त्रास कशाला, नवाकोरा जन्मदाखला काढून देतो." त्याचा राग मला अजून येतो, कारण असे दाखले घेणारी साधी माणसं असतात आणि भोगतात तीच. खोट्या कागदाच्या किंवा खोट्या उत्तराच्या आधाराने व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला असं एकदा ठरलं, तर तो ठपका आयुष्यभर राहतो आणि त्यातून सुटायची वाट फार अरुंद आहे. अनुपलब्धतेच्या दाखल्याला फार तर दोन महिने जास्त लागतात.

आईचं प्रकरण वेगळं, आणि आपल्याकडे घरोघरी सापडेल असं. माहेरची कुसुम सासरी येऊन वसुधा होते, आडनाव बदलतं, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं लागतं. म्हणजे जन्माच्या कागदावर एक बाई, मुलाच्या जन्मदाखल्यावर दुसरी. न्यू हॅम्पशरमध्ये बसलेल्या माणसाला तांदळावर लिहिलेलं नाव ठाऊक असायचं कारण नाही. त्याला एका नावापासून दुसऱ्या नावापर्यंत नेणारा कागद हवा. लग्नाचा दाखला, जुनं राजपत्र असेल तर ते, नाहीतर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. आईबाबांचं लग्न १९७४ चं, नोंदणी कुणी केली नव्हती. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली जुन्या लग्नाचीही नोंद होते. लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार घेऊन दोघं वॉर्ड ऑफिसात गेले. पन्नास वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यामुलीचा फोटो काढायला बसवल्यावर आई इतकी लाजली की क्लार्कने दोनदा "मान वर करा" म्हणून सांगितलं.

मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. खाली भाषांतर करणाऱ्याने, मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे, असं सहीनिशी लिहायचं. गोव्याच्या लोकांचं याबाबतीत बरं असतं. पोर्तुगीज काळापासूनची जन्माची आणि लग्नाची नोंदणी तिथे नीट सापडते, फक्त जुने उतारे पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे भाषांतर करून घ्यावं लागतं. पोलीस दाखला पासपोर्ट सेवेतून निघतो. पण बाबा कधी काळी मस्कतला किंवा दुबईला वर्षभर किंवा जास्त राहिलेले असतील, तर तिथल्या पोलिसांचाही दाखला लागतो. तो मागवायला वेळ जातो, म्हणून ते काम पहिल्यांदा हातात घ्यावं.

पैशाची बाजू मुलाची. आय-८६४ नावाच्या कागदावर तो लिहून देतो की माझ्या आईवडिलांचा भार सरकारवर पडू देणार नाही. त्याचं उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं, आणि ती रेष घरातल्या माणसांवर ठरते. दादा, वहिनी, नात आणि आता आईबाबा अशी पाच माणसं धरली, तर २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे वर्षाला साधारण ४७,००० डॉलर. कमी पडत असेल तर तिथला दुसरा कुणी नातेवाईक किंवा मित्र जोडीने हमी देऊ शकतो. तो मात्र विचार करून शोधावा, कारण ही सही साधी नाही. आईवडील नागरिक होईपर्यंत, किंवा कायमचे परत येईपर्यंत, किंवा त्यांच्या अखेरपर्यंत ती त्याला बांधून ठेवते. चाळीस तिमाह्यांच्या कामाची नोंद झाली तरी सुटका होते, पण सत्तरीतल्या माणसांच्या बाबतीत तो हिशेब बाजूलाच ठेवा. एवढं असूनही अधिकारी अर्जदाराचं वय, तब्येत, शिक्षण, मालमत्ता यांचा विचार करू शकतो. तेव्हा इथली पेन्शन आणि ठेवींचे कागद फायलीत असलेले बरे.

मेडिकल कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होतं. घरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. छातीचा एक्सरे, तपासणी, वयाप्रमाणे लसी. बाबांना १९७९ मध्ये टीबी झाला होता. औषधं पूर्ण केली, बरे झाले, विसरूनही गेले. एक्सरेमध्ये मात्र वरच्या बाजूला तो जुना डाग दिसला. डाग दिसला की थुंकीचे नमुने घेतात, तीन दिवस सकाळी जाऊन द्यायचे, आणि ते वाढवून बघायला आठ आठवडे लागतात. हे मला आधी माहीत असतं तर माझ्या झोपा उडाल्या नसत्या. हा नकार नव्हे. आता आजार नाही ना, एवढंच ते बघतात. आईवडिलांना पूर्वी टीबी झाला असेल, तर जुने एक्सरे आणि औषधांचे कागद शोधून ठेवा, आणि मुलाखतीचं पत्र आलं की मेडिकल लगेच करा.

मुलाखतीच्या आधी एकदा बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला जावं लागतं. ते पटकन होतं.

मुलाखतीच्या दिवशी आत फक्त अर्जदार जातात. बोलावणाऱ्या मुलाने अमेरिकेहून यायची गरज नाही, आणि माझ्यासारखीला आत प्रवेशही नाही. मोबाइल, पिशवी, पॉवर बँक काही न्यायचं नाही. बाबांनी घड्याळसुद्धा माझ्याकडे दिलं. दोघं एकेक पारदर्शक फाइल छातीशी धरून रांगेत उभे राहिले, शाळेच्या पहिल्या दिवसासारखे. मी बीकेसीच्या फुटपाथवर थांबले. साडेतीन तास.

आतलं जे आहे ते आईने सांगितलेलं. पहिल्या खिडकीत आपल्याकडचेच कर्मचारी असतात, ते मूळ कागद बघतात, फायलीशी ताडून घेतात. मग बसायचं. नंबर आला की दुसऱ्या खिडकीत अमेरिकन अधिकारी. मधे काच, बोलायचं उभ्याने. आईने मराठी मागितली, दुभाषी होता. उजवा हात वर करून खरं सांगेन अशी शपथ, पुन्हा ठसे, आणि मग प्रश्न. कोणी बोलावलंय? तो काय करतो, कुठे राहतो, तिकडे कधी गेला? मुलं किती? दुसरं मूल कुठे असतं? आधी अमेरिकेत किती वेळा गेलात, दर वेळी किती राहिलात? पोलीस केस वगैरे कधी? या प्रश्नांची उत्तरं फॉर्ममध्ये आधीच लिहिलेली असतात. अधिकारी नवं काही शोधत नसतो, समोरचा माणूस आणि कागदावरचा माणूस एकच आहे का ते बघत असतो. आधीच्या खेपेला मुदतीपेक्षा जास्त राहिला असाल तर तेही सांगायचंच. मुदतीपुढे १८० दिवसांहून जास्त राहून निघालेल्याला तीन वर्षांची बंदी आहे, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलेल्याला दहा. असं काही असेल तर मुलाखतीला जायच्या आधीच चांगल्या इमिग्रेशन वकिलाला भेटावं.

लग्नाची तारीख विचारल्यावर बाबांनी १९ मे सांगितलं आणि सालाला अडले. "आठवत नाही," म्हणाले. आईने शेजारून साल सांगितलं. काहीही बिघडलं नाही. मला वाटतं घरोघरच्या तालमींत हेच शिकवायला हवं. आठवत नसेल तर तसं सांगा, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, मागितल्याशिवाय कागद पुढे सरकवू नका, आणि अंदाजाने ठोकून देऊ नका. शपथेखाली ठोकून दिलेला अंदाज पुढे खोटं म्हणून वाचला जातो.

मग तो प्रश्न आला. तिकडे जाऊन काय करणार? आई म्हणाली, "मुलाकडे राहायलाच चाललोय." एवढंच. मला हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, पर्समधली बडीशेप शोधत होती.

आईला व्हिसा मंजूर झाला, पासपोर्ट तिथेच ठेवून घेतला. बाबांना चिठ्ठी मिळाली. तिच्यावर २२१ जी असं लिहिलेलं असतं, आणि ती हातात पडली की लोकांचे चेहरे पडतात. बाबांचाही पडला होता. पण या कलमाचा अर्थ इतकाच की आज निर्णय देता येत नाही, काहीतरी यायचं बाकी आहे. कुणाचा एखादा दाखला अपुरा असतो, कुणाच्या नात्याचे कागद फारच तोकडे असतात म्हणून डीएनए तपासणी सुचवतात, कुणाची आणखी चौकशी चालू असते. काय हवंय ते चिठ्ठीवर खूण करून दिलेलं असतं. बाबांच्या चिठ्ठीवर मेडिकलपुढे खूण होती. थुंकीचा रिपोर्ट स्वच्छ आला, डॉक्टरांकडून परस्पर गेला, आणि पुन्हा खिडकीत उभं न राहता व्हिसा झाला. आईच्या व्हिसाची मुदत तोवर चालू होती. ती मेडिकलच्या तारखेशी बांधलेली असते, साधारण सहा महिने, आणि तेवढ्यात अमेरिकेत पाऊल ठेवावं लागतं.

जायच्या आधी प्रत्येकी २३५ डॉलरची आणखी एक फी ऑनलाइन भरायची, ती कार्ड छापायची. विमानतळावर व्हिसावर शिक्का बसला की त्या दिवसापासून माणूस कायमचा रहिवासी. तो शिक्काच वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो, प्लॅस्टिकचं कार्ड मागाहून पोस्टाने येतं. आरोग्य विम्याची सोय मात्र तिकीट काढायच्या आधी विचारून ठेवा. ६५ च्या पुढच्यांसाठीचं मेडिकेअर नव्या ग्रीन कार्डवाल्यांना पहिली पाच वर्षं विकतही घेता येत नाही, मधल्या काळाचा विमा बाजारातून घ्यावा लागतो.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. ग्रीन कार्ड म्हणजे रांगेची कटकट नसलेला टूरिस्ट व्हिसा, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. सहा महिन्यांतून एकदा तिकडे तोंड दाखवून आलं की झालं, असं ओळखीतले लोक छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. कार्ड टिकतं ते घर तिकडे असेल तर. एक वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. त्यासाठी निघायच्या आधी, अमेरिकेत असतानाच, री-एंट्री परमिटचा अर्ज करायचा असतो आणि तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. सहा महिन्यांहून मोठी खेप झाली तर विमानतळावर प्रश्न येतात आणि नागरिकत्वासाठी मोजायची वर्षं तुटू शकतात. आणि सगळ्या खेपा छोट्या असूनही मुक्काम मुळात पुण्यातच आहे असं दिसलं, तर कार्ड सोडून दिलंय असं धरलं जाऊ शकतं. शिवाय तिकडचा रहिवासी झालं की इथली पेन्शन आणि एफडीचं व्याज तिथल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावं लागतं.

म्हणून ज्यांना वर्षातले चार महिने नातवंडांत आणि आठ महिने आपल्या माणसांत, आपल्या डॉक्टरांजवळ, आपल्या कट्ट्यावर काढायचेत, त्यांच्यासाठी दहा वर्षांचा टूरिस्ट व्हिसाच चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे. हे आय-१३० भरायच्या आधी ठरवा. एकदा तो भरला की पुढच्या टूरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का' या प्रश्नाला हो लिहावं लागतं, आणि मग परत येण्याची खात्री पटवणं अवघड जातं. आणि हे ठरवताना आईवडिलांना विचारा. दादा आणि मी, आम्ही दोघांनी ते फार उशिरा विचारलं. आई "राहायलाच चाललोय" म्हणाली ते तिने मनापासून म्हटलं की फाइल इथवर आली म्हणून, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

आता ती दोघं दादाकडे एडिसनला असतात. तिथल्या स्वयंपाकघरात बाबांनी कालनिर्णय लावलंय. पुण्याला यायचं तिकीट काढलं की ते निघायच्या दिवसापासून महिने मोजतात, पाचव्या महिन्यात एका चौकोनाभोवती लाल गोल करतात आणि त्याचा फोटो मला पाठवतात. या वेळी डिसेंबरात आले, गोल एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात होता. हापूसचा भाव उतरायच्या आत त्यांना निघावं लागलं.